शेवग्याखालचा फ्रिज

मी साधनाचा फ्रिज बोलतोय. केंदूर गावात, तिच्या घराच्या मागच्या अंगाला, शेवग्याच्या झाडाखाली मी विटांवर उताणा पडलेला असतो. माझं दार काढलंय. पोटात शेण आहे, उसाचं पाचट आहे आणि गांडुळं आहेत. वर ओलं बारदान टाकलेलं असतं. कुणी नवीन माणूस मागं आला की आधी बारदान उचलून आत डोकावतो, मग जरा लांब होऊन माझ्याकडं बघतो आणि विचारतो, "हा फ्रिज होता का?"

त्या 'होता'नं अजून मान खाली जाते. फ्रिजला मान नसते हे मला माहीत आहे, पण दुसरा शब्द सापडत नाही.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात मी दौंडच्या एका दुकानात काचेजवळ उभा होतो. रंग आकाशी, हँडल चकचकीत. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून मला चालू ठेवलेलं असायचं. एक दिवस तांबडं मुंडासं बांधलेला, खांद्यावर घोंगडं टाकलेला एक म्हातारा वहाणा पायरीवर काढून आत आला. त्याचं नाव तात्याबा. भीमेच्या काठी वडगाव रासाईला त्याचं घर. आधी बारा महिने मेंढरांमागं हिंडलेला, आता थोडी शेती आणि थोडी मेंढरं घेऊन गावातच राहिलेला.

"पंखा बघायचाय का आबा?" दुकानातल्या माणसानं विचारलं.

"ह्यो उघडून दाव," तात्याबा माझ्याकडं बोट करून म्हणाला.

दार उघडल्यावर त्यानं बर्फाच्या कप्प्यात हात घातला आणि तसाच ठेवला. बोटं पांढरी पडली तरी काढेना. दुकानातला माणूस हसायला लागला. मग तात्याबानं हात बाहेर काढला, गालाला लावला आणि म्हणाला, "गार हाय. बांधा."

टेम्पोत तो पुढं बसला नाही. माझ्याशेजारी मागं बसला आणि खड्डे येतील तसा मला दोन्ही हातांनी धरून राहिला. सोबतच्या हमालानं विचारलं, लेकीच्या लग्नाला का? तेव्हा तो सांगायला लागला.

"सुपारी फुटली तवा नवऱ्या मुलाचा मामा बोलला. म्हणला, मेंढरामागची पोर, तिला चूल आन् माठ सोडून काय ठावं? समदी हसली. माझी पोर आतून ऐकत व्हती."

मेंढरं विकून त्यानं मला घेतलं होतं, एवढं मला दुकानातच कळलं होतं. कशासाठी घेतलं ते टेम्पोत कळलं. मला त्याचा अभिमानच वाटला. कुणाच्या तरी बोलण्याला मी उत्तर होतो.

लग्नात मला मांडवाच्या तोंडाशी उभं केलं आणि हार घातला. तो मामा आला, माझ्याकडं बघितलं, काही न बोलता पुढं गेला. तात्याबा दिवसभर माझ्या बाजूला होता. लोक हात लावायचे, ठसे उमटायचे आणि तो धोतराच्या सोग्यानं ते पुसायचा. साधनानं मात्र एकदाच माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. नवी नवरी, लाजली असेल, असं मी समजलो.

केंदूरचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. साधनाचा नवरा मल्हार रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला जायचा. सासू दगडाबाई घर आणि दोन शेळ्या बघायची. स्वयंपाकाच्या खोलीत बटणाची सोय नव्हती, म्हणून मला बाहेरच्या खोलीत, दारासमोर ठेवलं. सोय असती तरी तिथंच ठेवलं असतं. दगडाबाईनं माझ्यावर विणलेला रुमाल टाकला आणि त्यावर प्लॅस्टिकची फुलं ठेवली.

आळीत तेव्हा दुसरा फ्रिज नव्हता. कुणाच्या डोक्याला लागलं, कुणाकडं पाहुणे आले, की माणूस वाटी घेऊन बर्फाला यायचा. "घ्या की, आपल्याकडं कवाबी असतो," दगडाबाई म्हणायची. एखादा बर्फ न मागता गेला तर तिला चुकल्यासारखं व्हायचं.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला आला की तात्याबा जीप बदलून केंदूरला यायचा. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसायचा. साधना माझं दार उघडून बाटली काढायची, पदरानं पुसायची आणि त्याला द्यायची. त्याच्या दाढा किडलेल्या होत्या. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. तरी तो पाणी एका गालात धरायचा, डोळे मिटायचा, हळूहळू गिळायचा आणि म्हणायचा, "लई गार हाय." पुन्हा बाटली तोंडाला लावायचा. तेवढ्यासाठी मी रात्रंदिवस घुरघुरत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

पाच उन्हाळे मी असे काढले. मग विजेचं लहान-मोठं होणं वाढलं. दिवा मिणमिणायचा, माझ्या पोटातून घरघर यायची, मी थांबायचो, पुन्हा सुरू व्हायचो. एका दुपारी थांबलो तो थांबलोच. शिक्रापूरहून मिस्त्री आला. त्यानं कान लावला, मागं एक नळी तोडली, माझ्यातला गॅस फुस्स करून निघून गेला.

"कॉम्प्रेसर जळालाय," तो म्हणाला. "नवा टाकण्यापेक्षा फ्रिजच नवा घ्या."

"दिवाळीनंतर बघू," मल्हार म्हणाला. कुठली दिवाळी ते त्यानं सांगितलं नाही.

मिस्त्री गेल्यावर दगडाबाई दाराला आडवी उभी राहिली. "बाहेर कुणाला सांगायचं न्हाई. तात्याबा पाव्हण्यांना तर न्हाईच न्हाई. म्हणतील, एवढी वस्तू दिली, हेंला सांभाळता आली न्हाई."

तेव्हापासून माझी लाज सुरू झाली. भिंतीवरच्या स्टॅबिलायझरचा लाल दिवा मात्र चालू ठेवायचे, म्हणजे आल्यागेल्याला मी चालू वाटावं. पोटात गुळाची ढेप आली, दगडाबाईची औषधं आली, मल्हारचा थंडीतला स्वेटर आला. कुणी बर्फ मागायला आलं की दगडाबाई म्हणायची, "लाईट न्हाई ना बाई सकाळपासून." लाईट असतानाही म्हणायची. हळूहळू वाट्या येणं बंद झालं. लोकांना कळलं असणारच, पण कुणी तोंडावर बोललं नाही.

सगळ्यात वाईट दिवस तात्याबाच्या येण्याचा. जीप वाजली की साधना आत जाऊन माठातलं पाणी बाटलीत भरायची, बाटली माझ्यात ठेवायची आणि मग त्याच्यासमोर मला उघडून तीच बाटली बाहेर काढायची. दार हात जाईल एवढंच उघडायची, कारण आतला दिवा लागत नव्हता. बाटली पुसायची, द्यायची. तो गालात पाणी धरायचा, डोळे मिटायचा. "लई गार हाय," म्हणायचा. साधना खाली बघायची. ती काही खोटं बोलत नव्हती, एक शब्दही बोलत नव्हती. ते खोटं मी बोलत होतो, तिथं उभा राहून. दोन वर्षं हे चाललं.

पुढं साधना बचत गटात जायला लागली. वरच्या आळीची धनश्री गटाची अध्यक्ष होती. एकदा शेतीखात्याच्या एक बाई आल्या आणि त्यांनी देवळाच्या सभामंडपात बायकांना गांडूळखत कसं करायचं ते दाखवलं. ज्यांच्याकडं जागा होती त्यांनी विटांच्या टाक्या बांधल्या. साधनाकडं ना विटा ना जागा.

"टाकीच पायजे असं न्हाई, वहिनी," धनश्री तिला म्हणाली. "फुटकं पिंप चालंल, जुनी पेटी चालंल. सावली पायजे आन् जास्तीचं पाणी खालनं गळून जायला पायजे."

साधना घरी आली, माझं दार पुरतं उघडलं आणि बराच वेळ आत बघत उभी राहिली. मला वाटलं तिला गूळ हवाय.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. दगडाबाईच्या हातातला घास तसाच राहिला. "माहेरची वस्तू हाय ती. शेण भरतीस व्हय तिच्यात?"

"आत्ता त्याच्यात गूळ हाय, आत्या. गूळ डब्यातबी ऱ्हातो."

सुट्टीच्या दिवशी मल्हारनं स्टॅबिलायझरची वायर काढली. लाल दिवा विझला तेव्हा मला एका अर्थी बरं वाटलं. पुढं काय होणार ते माहीत नव्हतं म्हणून.

त्यानं माझं दार बिजागरीतून काढलं. मागची काळी जाळी आणि कॉम्प्रेसर भंगारवाल्याला दिला. मित्राला हाताशी घेऊन मला मागच्या अंगाला नेलं आणि शेवग्याखाली उताणा पाडला. मग चुलीत सळई लाल करून माझ्या पाठीला आरपार भोकं पाडली. प्लॅस्टिक जळल्याचा वास आळीभर गेला आणि शेजारच्या दोन बायका बघायला आल्या. दार वाया जाऊ नये म्हणून दगडाबाईनं ते कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. ज्या हँडलवरचे ठसे तात्याबा धोतरानं पुसायचा, त्यावर आता कोंबडा बसायला लागला.

साधनानं तळाला विटांचे तुकडे पसरले, त्यावर नारळाच्या शेंड्या, पाचट आणि मग शेण. धनश्रीकडून ओल्या फडक्यात बांधून गांडुळं आणली आणि हळूच सोडली. इथं तिची चूक झाली. शेण दोन आठवडे मुरलेलं, निवलेलं हवं, असं त्या बाईंनी सांगितलं होतं. पण गटाच्या बायका शनिवारी सगळ्यांच्या टाक्या बघायला येणार होत्या आणि तिला उशीर झाला होता. तिनं शेजारच्या गोठ्यातून सकाळचं ताजं शेण आणलं आणि वर भाजीचा ओला कचरा टाकला.

ताजं शेण पेटल्यासारखं तापतं. माझ्या भिंतीत फोम भरलेला आहे, बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून. आता तोच फोम आतली उष्णता बाहेर जाऊ देईना. गांडुळं वर यायला लागली, माझ्या गुळगुळीत कडेवर चढायची आणि घसरून परत खाली पडायची. काही चढून बाहेर गेली, ती कोंबड्यांनी टिपली. उरलेली आतच मेली. गार ठेवण्यासाठी मला बनवलं होतं आणि माझ्या पोटात एवढे जीव उकडून गेले. दार गेलं, पाठीला भोकं पडली, त्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं.

शनिवारी बायका आल्या. वास होताच. एकीनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "फ्रिजमधी शिजवलंस व्हय गं?" बाकीच्या हसल्या. साधना बारदानाचं टोक हातात धरून उभी होती, ते तिच्यानं सोडवेना. धनश्री वाकली, आत हात घातला आणि एवढंच म्हणाली, "शेण ताजं व्हतं."

पुढच्या बैठकीला साधना गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं मला हातानं रिकामं केलं, धुतलं, उन्हात वाळू दिलं. यावेळी शेण वेगळं साठवलं, रोज पाणी मारलं. मग मला भरलं आणि रोज सकाळी मनगटापर्यंत हात खुपसून बघायची, तापलंय का. सगळं गार लागलं तेव्हा ती धनश्रीकडं गेली. तिथं काय झालं ते तिनं रात्री भांडी घासताना मल्हारला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

ती म्हणाली होती, "परत मागायला तोंड न्हाई, पर द्या."

धनश्रीनं आपल्या टाकीतली ओंजळभर गांडुळं काढून दिली आणि बारीक आवाजात म्हणाली, "माझी दोनदा मेली, वहिनी. मी कुणाला सांगितलं न्हाई. तुझी समद्यांनी बघितली, एवढाच फरक."

ती गांडुळं जगली. दिवसा ती खालीच असायची. बारदान उचललं की चमकून आत शिरायची. माझ्या पोटातलं शेण हळूहळू चहाच्या पावडरीसारखं मोकळं, काळं व्हायला लागलं. खालच्या भोकांतून गळणारं तांबूस पाणी साधना घमेल्यात धरायची आणि वांग्याच्या रोपांना घालायची. मी कामाला आलो होतो. पण खोलीत उभा राहून काही न करता मिरवत होतो, तेव्हा लोक माझ्याकडं मानानं बघत होते, आणि आता नाकाला पदर लावून बघत होते. हे माझ्या मनातून जाईना.

अशात एक दिवस निरोप न देता तात्याबा आला. बाजार करून आला होता, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. बाहेरच्या खोलीत बसला तर समोरचा कोपरा मोकळा. फरशीवर माझ्या पायांचे डाग.

"रिपेरीला दिलाय शिक्रापूरला," त्यानं विचारायच्या आधीच दगडाबाई म्हणाली, ते मला मागं ऐकू आलं.

"बरं," तात्याबा म्हणाला. साधना उंबऱ्यात उभी होती. चहा पिऊन तो पाय धुवायला मागं आला. आधी त्याला खुराडं दिसलं, त्याचं आकाशी दार दिसलं, त्यावरची घाण दिसली. मग त्यानं मला बघितलं.

काठी बाजूला ठेवून तो माझ्यापाशी उकिडवा बसला. बारदान उचललं. बराच वेळ नुसतं बघितलं. त्या वेळी जमीन दुभंगून मला पोटात घेती तर बरं झालं असतं. एवढ्यात साधना तांब्या घेऊन मागून आली आणि तिथंच थांबली.

"आबा," ती म्हणाली, "आत्यांनी माझ्यासाठी सांगितलं तसं. त्यो बंद पडलाय."

"ठाऊक हाय."

"कवापासनं ठाऊक हाय?"

"पयल्या येळंपासनं. माठाच्या पाण्याला मातीचा वास येतो, पोरी. आन् माझी दाढ दुखली न्हाई."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू बाटली पुसून देत व्हतीस. मी काय बोलू?"

खुराड्यात कोंबडी उगाच ओरडत होती. तात्याबानं थोडं खत चिमटीत घेतलं, परत टाकलं. मग माझ्याकडंच बघत म्हणाला, "ह्याच्यापायी कुठली मेंढरं इकली, ठावं हाय तुला?"

"चंद्री आन् बाणीबी व्हती त्यात."

"तू मागितली व्हतीस ती. सासरला न्यायला. त्यांची आई मेली तवा बाटलीनं दूध पाजून तूच वाढवलेली."

"व्हय."

"यापारी न्यायला आला तवा तू बाहेर आली न्हाईस."

"मला बघवलं नसतं."

"त्या मामाचं एक बोलणं मला लागलं," तात्याबा म्हणाला. "मला लागलं. तुला लागलं का, ते मी इचारलं न्हाई. तुला फ्रिज पायजे का, तेबी न्हाई. मांडवात चार लोकांपुढं माझी मान वर ऱ्हावी म्हणून तुझी मेंढरं इकली. तू बाटली पुसायला लागलीस ना, तवा मला त्याची लाज वाटायची. गार हाय म्हणायचो आन् उठून जायचो."

साधनानं 'असू द्या' म्हटलं नाही. रडलीही नाही. ती जवळ आली, तांब्या कलता केला आणि त्याच्या हातावर पाणी घातलं. त्यानं हात धुतले. तिनं पदर पुढं केला, त्यानं त्याला हात पुसले.

मांडवात तिनं माझ्यावरून तोंड का फिरवलं होतं, ते मला तेव्हा उमगलं. सात वर्षं मी तिच्या घरात होतो. ती रोज माझं दार उघडत होती, आणि तिला रोज काय आठवत असेल याचा मला पत्ता नव्हता. मी आपला माझ्या रंगाचं आणि हँडलचं दुःख करत होतो.

जेवायला बसल्यावर तात्याबा दगडाबाईला म्हणाला, "विहीणबाई, रिपेरी चांगली झालीय." दगडाबाईनं तोंडावर पदर घेतला, तो तात्याबा जाईपर्यंत काढला नाही. पण त्यानंतर तिनं माझ्याबद्दल कुणाला काही खोटं सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मागं हाय, बघा जाऊन."

तात्याबा पुढंही येत राहिला. आल्यावर मागं येऊन बसायचा, माझ्या कडेला टेकून शेंगा फोडायचा, टरफलं माझ्यात टाकायचा. वडगाव रासाईत मात्र पोरांनी विचारलं, आबा, लेकीचा फ्रिज चालतो का, की तो म्हणतो, "चालतो." हे साधनाला तिच्या भावानं सांगितलं. ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा उतरला. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आता दोन हजार आठ साल सुरू आहे. माझा तळ गंजून गळायला लागलाय, एक कड पार खाली बसलीय. साधनानं पलीकडं सिमेंटचे दोन हौद बांधून घेतलेत. तिचं खत आता गावातल्या द्राक्षवाल्यांनाही लागतं. दुसऱ्या बायका तिच्याकडं ओल्या फडक्यात गांडुळं मागायला येतात, आणि ती प्रत्येकीला सांगते, माझी पहिली सगळी मेली होती. ते सांगताना ती खाली बघत नाही. मला मात्र अजून मान वर करवत नाही. लाज माझ्या पत्र्यात मुरलीय, ती पत्र्याबरोबरच जाईल.

कालपासून तिनं नव्या हौदात माझ्यातलं खत भरायला घेतलंय. भंगारवाल्याला मल्हारनं सांगून ठेवलंय, तो या आठवड्यात कधीही येईल. तो मला टेम्पोत टाकेल, घणानं चेपेल, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

साधना, एवढंच सांगायचंय. माझ्या डोक्याकडच्या कोपऱ्यात, बर्फाचा कप्पा होता तिथं, पत्र्याच्या मागं ओल धरून बरीच गांडुळं बसलीत. वरनं दिसत नाहीत. टेम्पोचा आवाज आला तरी घाई करू नकोस. त्याला म्हणावं थांब जरा. आणि हात घालून आधी ती काढून घे.